लेंटिन यांनी उघडलेली फाईल

चाकण-महाळुंगे पट्ट्यात वाहनांच्या कारखान्यांत राबणाऱ्या आमच्या पोरांना ग्लायकॉल माहीत आहे. ब्रेक ऑइल, कूलंट यांत ते असते. त्याच जातकुळीचे डायथिलीन ग्लायकॉल १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून रुग्णांना पाजले गेले. दिसायला तसेच, चवीला गोड, किमतीला स्वस्त. मूत्रपिंडे निकामी होऊन १४ जण दगावले. सरकारी रुग्णालयात कोणत्या समाजाची माणसे जातात, हे वाचकांना सांगायला नको.

चौकशी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्याकडे आली. हा पारशी न्यायाधीश महाराष्ट्राला आधीच ठाऊक होता. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणात त्यांनी मुख्यमंत्री अंतुले यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि अंतुलेंना खुर्ची सोडावी लागली. अशा माणसाकडे सरकारने ही चौकशी सोपवावी याचे आम्हांला आजही नवल वाटते!

कुणा कारकुनावर वा परिचारिकेवर खापर फोडून चौकशी गुंडाळायची, ही आपल्याकडची जुनी रीत. लेंटिन यांनी ती मोडली. औषध खरेदी, रुग्णालयातला हलगर्जीपणा, अन्न व औषध प्रशासनातले लागेबांधे असे करत ते थेट मंत्रालयापर्यंत पोहोचले. मेख कायद्यातच होती. १९४० च्या औषध कायद्याखालील नियमांप्रमाणे निरीक्षकाने नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेने तो तपासायचा, औषध खराब निघाले तर प्रशासनाने कारखान्याचा परवाना निलंबित किंवा रद्द करायचा. पण कारखानदाराला अपील राज्य सरकारकडे! आणि राज्य सरकार म्हणजे खात्याचा मंत्री. त्याने स्थगिती दिली की तोच कारखाना पुन्हा सुरू. ज्याच्यावर कारवाई झाली त्याला मंत्र्याचे दार उघडे आणि ज्याने औषध घेतले त्याला कुठलेच दार नाही, असा हा न्याय. कारखानदारांसाठी झालेला मंत्र्यांचा हस्तक्षेप लेंटिन यांनी अहवालात उघड केला. १९८८ मध्ये अहवाल विधिमंडळात आला आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

लेंटिन यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. दोन मुख्य प्रकरणे, आणि दोन्हींत सत्ताधाऱ्यांची पदे गेली, अशी कारकीर्द कितीजणांच्या वाट्याला येते? त्यांचा अहवाल मात्र कपाटात राहिला. २०२२ मध्ये गांबियात भारतीय खोकल्याच्या औषधांशी मुलांचे मृत्यू जोडले गेले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात कोल्ड्रिफ या औषधाने वीसहून अधिक लेकरे गेली. विष तेच, डायथिलीन ग्लायकॉल. मधल्या काळात, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने निकृष्ट औषधाचा गुन्हा पैसे भरून मिटवता येईल अशी सोय झाली. आणि परवाना रद्द झाल्यावरचे अपील अजूनही राज्य सरकारकडेच जाते.