मद्रासमधील नेतेनिवड आणि कामराज

विधिमंडळ पक्षाचा नेता आमदारांनी निवडावा, असा संसदीय लोकशाहीचा संकेत आहे. प्रत्यक्षात बैठकीपूर्वीच दिल्लीहून नाव येते आणि आमदार एका ओळीच्या ठरावाने सर्वाधिकार श्रेष्ठींच्या स्वाधीन करतात. महाराष्ट्राला हे दृश्य परिचयाचे आहे. तथापि काँग्रेसमध्ये खुल्या लढतीतून नेता ठरण्याचाही एक काळ होता. मुंबईत १९५६ मध्ये यशवंतराव चव्हाण आणि भाऊसाहेब हिरे यांच्यात अशी लढत झाली. त्याच्या दोन वर्षे आधी मद्रासमध्ये के. कामराज यांनी जिंकलेल्या लढतीचे परिणाम तर दक्षिणेच्या राजकारणावर दीर्घकाळ टिकले.

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी विरुदुनगर या बाजारपेठेच्या गावी नाडार कुटुंबात झाला. व्यापारात जम बसलेला हा समाज एकेकाळी मंदिरप्रवेशालाही पारखा होता. गावातील ज्या शाळेत कामराज शिकले, ती घरोघरी रोज बाजूला काढल्या जाणाऱ्या मूठभर तांदळाच्या वर्गणीवर उभी राहिली होती. वडील लवकर निवर्तले. बाराव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली आणि मुलगा मामाच्या कापड दुकानात बसू लागला. पुढे काँग्रेसच्या चळवळीत त्यांनी स्वतःला झोकून दिले. मिठाच्या सत्याग्रहापासून चले जावपर्यंत त्यांची जवळपास नऊ वर्षे तुरुंगात गेली. वाचनाची उणीव त्यांनी तिथेच भरून काढली. त्यांनी लग्न केले नाही.

मद्रास काँग्रेसवर तेव्हा दोन नेत्यांचा प्रभाव होता. सेलमचे नामांकित वकील चक्रवर्ती राजगोपालाचारी, अर्थात राजाजी, आणि फर्डे वक्ते एस. सत्यमूर्ती. कामराज सत्यमूर्तींचे अनुयायी. १९४० मध्ये प्रांतिक काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी त्यांनी राजाजी गटाचे सी. पी. सुब्बय्या यांना अवघ्या तीन मतांनी हरवले. अध्यक्ष होताच त्यांनी आपल्या गुरूलाच सरचिटणीस केले. तेथून १९५४ पर्यंत संघटनेची सूत्रे प्रामुख्याने कामराज यांच्या हाती राहिली. तालुक्या-तालुक्यातील कार्यकर्ता नावानिशी ओळखणे, हे त्यांचे खरे भांडवल होते. १९४६ मध्ये खुद्द गांधीजींचा कौल राजाजींकडे असतानाही आमदारांनी त्यांना नेता केले नाही.

१९५२ च्या निवडणुकीत मद्रास राज्यात काँग्रेसला ३७५ पैकी १५२ जागा मिळाल्या. बहुमत हुकल्यावर पक्षाला राजाजींचीच आठवण झाली. त्यांनी निवडणूक लढवली नव्हती. राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नेमले. सरकार तर उभे राहिले, पण दोन गोष्टींनी त्याचा पाया खचला. ऑक्टोबर १९५३ मध्ये आंध्र वेगळा झाला आणि तेलुगू आमदार मद्रासच्या सभागृहातून गेले. उरलेल्या विधिमंडळ पक्षात तामिळ जिल्ह्यांचे, म्हणजेच कामराज यांच्या संघटनेचे वजन वाढले. दुसरी गोष्ट राजाजींच्या शिक्षण योजनेची. प्राथमिक शाळेची वेळ निम्म्यावर आणून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. शाळा अपुऱ्या असल्याने दोन पाळ्या चालवाव्यात, हा त्यामागील हिशेब. पण कुंभाराच्या मुलाने कुंभारच राहावे, असाच तिचा अर्थ लोकांनी घेतला. पेरियार आणि अण्णादुराई रस्त्यावर उतरले. काँग्रेसचे आमदारही अस्वस्थ झाले, कारण मतदारांना तोंड त्यांनाच द्यायचे होते. वरदराजुलु नायडू यांच्यासारखे जुने नेते विरोधाच्या आघाडीवर होते.

अखेर राजाजींनी पद सोडले आणि आपले विश्वासू मंत्री सी. सुब्रमण्यम यांना उभे केले. एकीकडे पदवीधर वकील आणि अनुभवी मंत्री; दुसरीकडे मंत्रिपदाचा अनुभव नसलेला, इंग्रजीत बेताचाच असलेला संघटक. मार्च १९५४ मधील मतदानात कामराज यांना ९३ आणि सुब्रमण्यम यांना ४१ मते मिळाली. १३ एप्रिल रोजी ते मुख्यमंत्री झाले.

कामराज यांची खरी कसोटी मात्र विजयानंतर लागली. आठ जणांच्या छोट्या मंत्रिमंडळात त्यांनी सुब्रमण्यम यांना सामावून घेतले, त्यांची बाजू घेणाऱ्या भक्तवत्सलम यांनाही घेतले. शिक्षण खाते सुब्रमण्यम यांच्याकडेच राहिले आणि मे महिन्यात वादग्रस्त योजना मागे घेण्याचे काम त्यांच्याच हातून झाले. कामराज तेव्हा लोकसभेचे सदस्य होते. परिषदेची मागची वाट टाळून ते गुडियातमच्या पोटनिवडणुकीत उतरले. द्रमुकने उमेदवार दिला नाही, पेरियार यांनी पाठिंबा दिला आणि कम्युनिस्ट उमेदवाराला हरवून ते विधानसभेत आले. बंद पडलेल्या शाळा उघडल्या, गावोगावी नव्या निघाल्या, आणि १९५६ पासून शाळेत दुपारचे जेवण मिळू लागले. मूठभर तांदळाच्या शाळेतून आलेल्या माणसाला भुकेचा आणि शिक्षणाचा संबंध समजावून सांगावा लागला नाही.

१९६३ मध्ये स्वतःच्या नावाच्या योजनेखाली त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. पक्षाध्यक्ष म्हणून शास्त्री आणि इंदिरा गांधी यांच्या निवडीत त्यांचा शब्द निर्णायक ठरला. एकेकाळी श्रेष्ठींच्या पसंतीला शह देणारे कामराज आता स्वतःच श्रेष्ठी झाले होते. इकडे हिंदीविरोधी आंदोलन आणि धान्यटंचाईने तामिळनाडूत काँग्रेसचा पाया पोखरला. १९६७ मध्ये विरुदुनगरातच पी. श्रीनिवासन या द्रमुकच्या तरुण विद्यार्थी नेत्याने त्यांना १,२८५ मतांनी पराभूत केले. पुढे काँग्रेस फुटली तेव्हा ज्यांना त्यांनी पंतप्रधान केले, त्याच इंदिरा गांधी विरुद्ध बाजूला होत्या.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी गांधीजयंतीच्या दिवशी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी मरणोत्तर भारतरत्न मिळाले. चेन्नईच्या त्यागरायनगरातील त्यांचे भाड्याचे घर आज स्मारक आहे. मागे संपत्ती राहिली नाही. १९६७ नंतर तामिळनाडूत काँग्रेसचा मुख्यमंत्री झाला नाही. आमदार आणि कार्यकर्ते यांच्या मताने नेता ठरत होता, तोवर पक्ष आपल्या चुका वेळीच दुरुस्त करू शकला. ती सवय मोडल्यावर दुरुस्तीचे काम मतदारांनी हाती घेतले.