जेऊरच्या माळावर सूर्याचं रसायनशास्त्र: कावसजी नायगमवाला

सोलापुरी चादरीतला धागा निव्वळ सुती आहे की त्यात पॉलिस्टर मिसळलंय, हे एफटीआयआर यंत्र मिनिटभरात सांगतं. धाग्यावर अवरक्त किरण टाकायचे. रेणूंमधले बंध आपापल्या ठरावीक लहरी शोषतात आणि आलेखात खळगे पडतात. पॉलिस्टरचा खळगा १७२० प्रति सेंटीमीटरच्या आसपास ठसठशीत दिसतो, शुद्ध कापसात तो नसतो.

प्रकाशावरून पदार्थ ओळखायची ही विद्या सोलापूर जिल्ह्याला नवी नाही. म्हणून आज यंत्र बाजूला ठेवून मी एका माणसाबद्दल सांगणार आहे.

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, तिथेच शिकवायला लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढेच घातले, आणि १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) वेधशाळा उभी राहिली. ग्रब कंपनीची तिथली २० इंची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती.

वर्णपटाच्या कामात त्यांना वाट दाखवली ती इंग्लंडच्या नॉर्मन लॉकियर यांनी. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची मुख्य रेषा मॅग्नेशियमची आहे, असा लॉकियर यांचा दावा होता. तसं असेल तर ती एका बाजूला पसरट दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्यातून पाहिलं, तर रेषा धारदार! १८९१ मध्ये त्यांनी ते छापलं. ज्याचा आधार, त्याच्याच सिद्धांताच्या विरोधात. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत धाडसाचं काम हेच.

मग आलं २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण. त्याचा पट्टा करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून जात होता. आदल्याच वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातलेलं. तरी नायगमवालांनी जेऊरला तळ ठोकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही ४० फुटी कॅमेरा घेऊन तिथेच आले होते. हातात वेळ किती? जेमतेम दोन मिनिटं. त्यातही चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो त्या क्षणी वर्णपटातल्या काळ्या रेषा एक-दोन सेकंद उजळतात. सूर्याच्या वातावरणात कोणती मूलद्रव्यं आहेत ते त्या रेषांवरून कळतं. चुकला क्षण, की पुढच्या ग्रहणापर्यंत बसा! जेऊरच्या कामाचा अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रभामंडळातली एक हिरवी रेषा मात्र सगळ्यांनाच छळत होती. १८६९ पासून ती दिसायची, पण ओळखीच्या कोणत्याच मूलद्रव्याशी जुळायची नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी ‘कोरोनियम’ नावाचं नवंच मूलद्रव्य कल्पून ठेवलं. उत्तर निघालं १९४० च्या सुमारास: ते लोखंडच होतं, लाखो अंश तापमानात १३ इलेक्ट्रॉन गमावलेलं. नायगमवाला १९३८ मध्येच गेले होते.

ते १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. एका माणसावर उभी असलेली संस्था, दुसरा तयारच केला गेला नाही. हे मला अजून खटकतं. दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली. ती वेधशाळा आज भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे आहे, आणि २०२३ मध्ये झेपावलेल्या आदित्य-एल१ वरचं प्रभामंडळ पाहणारं उपकरण याच संस्थेने बनवलंय. ते उपकरण ती हिरवी रेषा टिपतं, शिवाय १०७४.७ नॅनोमीटरची, म्हणजे अवरक्तातली, लोखंडाचीच आणखी एक रेषा.