ओसामू तेझुका : वहीत चित्रं काढणारा मुलगा



शाळा सुटली की मुलं घरी येतात, दप्तर कोपऱ्यात टाकतात आणि टीव्हीसमोर बसतात. जळगाव असो की धुळे, पारोळा असो की शिरपूर, डोरेमॉन आणि नोबिताची ओळख कोणत्याच मुलाला करून द्यावी लागत नाही. पण डोरेमॉन टीव्हीवर नंतर आला. आधी तो कागदावर होता. चौकटी-चौकटींतून सांगितलेल्या अशा चित्रकथेला जपानमध्ये 'मंगा' म्हणतात. या मंगाला आजचं रूप देण्यात ज्या माणसाचा सर्वात मोठा वाटा आहे, त्याची गोष्ट आज तुम्हाला सांगतो. वाचताना एक विचार मनात ठेवा. हा मुलगा आपल्या वर्गात असता, तर आपण त्याचं काय केलं असतं?

ओसामू तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी जपानमधल्या ओसाका भागातल्या टोयोनाका इथे झाला. बालपण जवळच्याच ताकाराझुका गावात गेलं. अंगाने किरकोळ, केस कुरळे. जपानमध्ये असे केस फारसे दिसत नाहीत, म्हणून शाळेत मुलं त्याला खूप चिडवायची. खेळात तो मागे. मित्र कुणी नाही.

घरी मात्र त्याला दोन गोष्टी मिळाल्या. वडिलांकडे घरीच सिनेमा दाखवायचं यंत्र होतं. त्यावर त्याने डिस्नेची कार्टून पुन्हा पुन्हा पाहिली. आणि आई त्याला चित्रकथा वाचून दाखवायची, तीही प्रत्येक पात्राचा आवाज बदलून! वाचनाची गोडी लागते ती अशी. ओसामूला किड्यांचाही भारी नाद. भुंगे, फुलपाखरं गोळा करायची आणि हुबेहूब चित्रं काढायची. पुढे त्याने आपल्या नावाला 'किडा' या अर्थाचं एक अक्षर जोडलं आणि आयुष्यभर तसंच नाव लिहिलं.

शाळेत चिडवणाऱ्या मुलांशी त्याला मारामारी जमणार नव्हती. तो चित्रं काढू लागला. मुलं बघायला जवळ येऊ लागली. पाचवीत असताना त्याने एक मोठी चित्रकथा काढली. ती वही मुलांच्या हातून फिरत फिरत शिक्षकांपर्यंत गेली. आता काय होणार, हे आपल्याला माहीत आहे. वही जप्त, पालकांना बोलावणं! पण तसं झालं नाही. शिक्षकांमध्येही त्या कथेची चर्चा झाली, आणि त्यानंतर ओसामूच्या चित्रं काढण्याकडे शिक्षकांनी जाणूनबुजून काणाडोळा केला. आजच्या गोष्टीतला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा प्रसंग हाच.

पुढे युद्ध आलं. शाळकरी मुलांनाही कारखान्यात कामाला लावलं गेलं. जून १९४५ मध्ये ओसाकावर मोठा बॉम्बहल्ला झाला तेव्हा ओसामू कारखान्यात कामावर होता. तो थोडक्यात वाचला. आजूबाजूला पडलेली प्रेतं त्याने पाहिली. जीव किती मोलाचा आहे, ही गोष्ट त्याच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येक कथेत येते, ती इथून.

त्याच वर्षी ओसामूने डॉक्टरकीला प्रवेश घेतला. अभ्यास चालू, आणि चित्रकथाही चालू. १९४६ मध्ये मुलांच्या वर्तमानपत्रात त्यांची पहिली मालिका छापून आली. १९४७ मध्ये 'शिन ताकाराजिमा' म्हणजे 'नवे खजिन्याचे बेट' हे पुस्तक आलं. कथेची बांधणी शिचिमा साकाई यांची, चित्रं तेझुकांची. त्याच्या सुमारे ४ लाख प्रती खपल्या असं सांगतात. युद्धात होरपळलेल्या देशात हा आकडा फार मोठा होता.

त्यात असं काय होतं? तोवरच्या बहुतेक चित्रकथा नाटकासारख्या असत. पात्रं समोर उभी, डोक्यापासून पायापर्यंत दिसणारी, आणि बोलत राहणारी. तेझुकांनी सिनेमातली नजर कागदावर आणली. सुरुवातीलाच एक मुलगा भरधाव गाडी चालवत बंदराकडे जातो. गाडी कधी लांबून दिसते, कधी अगदी जवळून. शब्द फार थोडे, पण वाचणाऱ्याला वेग जाणवतो. एक लहानसा प्रसंग अनेक चौकटींत पसरवायचा, डोळ्यांतून भाव दाखवायचा, शांततेलाही एक चौकट द्यायची, ही रीत त्यांनी रुजवली.

डॉक्टर व्हायचं की चित्रकार, हा पेच पडला तेव्हा त्यांनी आईला विचारलं. जे मनापासून आवडतं ते कर, असा आईचा सल्ला होता. त्या काळात हे सांगणं सोपं नव्हतं! तेझुकांनी शिक्षण अर्धवट सोडलं नाही. डॉक्टरकीची परीक्षा पास केली, पुढे १९६१ मध्ये डॉक्टरेटही मिळवली. पण जगले ते चित्रांवर. १९५२ मध्ये 'पोलादी अ‍ॅटम' ही यंत्रमानव मुलाची मालिका सुरू झाली. १ जानेवारी १९६३ पासून ती टीव्हीवर आली आणि जगभर 'अ‍ॅस्ट्रो बॉय' नावाने पोचली.

आता डोरेमॉनचा धागा. तेझुकांचं 'खजिन्याचं बेट' वाचून दोन शाळकरी मित्र वेडे झाले होते. मोठे होऊन ते टोकियोला आले, तेव्हा तेझुकांनी १९५४ मध्ये आपली भाड्याची खोली सोडताना ती त्यांना दिली, आणि खोलीची अनामत रक्कमही परत न घेता तशीच ठेवली. त्या दोघांपैकी हिरोशी फुजिमोतो यांनी पुढे डोरेमॉन निर्माण केला.

सगळं गोड झालं असं नाही. १९५५ च्या सुमारास जपानमध्ये पालक आणि शिक्षक मंगाच्या विरोधात उभे राहिले. मुलं बिघडतात, अभ्यास बुडतो, अशी तक्रार होती. तेझुकांच्या पुस्तकांवरही टीका झाली. नंतर १९७३ मध्ये त्यांची कार्टून बनवणारी कंपनी बुडाली, कर्ज झालं. तेझुकांचे दिवस संपले असं लोक म्हणू लागले. त्याच वर्षी त्यांनी 'ब्लॅक जॅक' ही परवाना नसलेल्या सर्जनची कथा सुरू केली. जुनं डॉक्टरकीचं शिक्षण तिथे कामी आलं आणि ते पुन्हा उभे राहिले.

आपल्याला जवळचं वाटेल असं त्यांचं एक काम म्हणजे 'बुद्ध'. १९७२ ते १९८३ अशी अकरा-बारा वर्षं त्यांनी गौतम बुद्धांचं चरित्र चित्रांतून सांगितलं. जळगावहून फर्दापूरमार्गे आपण मुलांची सहल अजिंठ्याला नेतो, तेव्हा १७ व्या लेण्यात थांबून बघा. विश्वंतर जातकातला एकच राजपुत्र भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो, आणि नजर पुढे सरकते तशी गोष्टही पुढे सरकते. चित्रांच्या रांगेतून गोष्ट सांगणं ही काही परकी गोष्ट नाही. ती आपल्या शेजारच्या डोंगरात शेकडो वर्षांपासून आहे.

९ फेब्रुवारी १९८९ रोजी पोटाच्या कर्करोगाने तेझुका गेले, वय फक्त ६०. दवाखान्यातही त्यांचं काम चालूच होतं. त्यांनी काढलेल्या पानांची संख्या सुमारे दीड लाख सांगितली जाते.

एक कबुली देतो. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढली म्हणून मीही एका मुलाची वही काढून घेतली होती. आत काय काढलंय ते पाहिलंसुद्धा नाही. हे चरित्र वाचल्यावर ती वही आठवते.

म्हणून आता वर्गात एक साधा उपक्रम घेतो. कोऱ्या कागदाला दोन घड्या घालायच्या, चार चौकटी तयार होतात. पहिलीत कोण आणि कुठे, दुसरीत अडचण, तिसरीत धडपड, चौथीत शेवट. संवाद फुग्यात लिहायचे, एका फुग्यात पाच-सहा शब्दच. जे मूल निबंधाच्या दोन ओळी लिहायला कंटाळतं, तेही फुगे भरण्यासाठी लिहितं. चित्रवाचन, क्रम लावणं, संवादलेखन, सगळं एका कागदात होतं.

पालकांनो, तुमच्या मुलाच्या वहीत असं काही सापडलं तर रागवण्याआधी एवढंच विचारा, की पुढे काय होतं या गोष्टीत? आणि मग शांतपणे ऐका.