जुना राउटर, जाड भिंत आणि जगदीशचंद्र बोस

खापा (जि. नागपूर) : जुन्या राउटरमधले कंपनीचे सॉफ्टवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटीसारखे खुले फर्मवेअर टाकले, तरी मागच्या खोलीत व्हिडिओ अडखळतो. खाप्यातल्या जाड भिंतींच्या घरात असे झाले, तर आधी लहरींची वाट तपासावी. हे काम सव्वाशे वर्षांपूर्वी जगदीशचंद्र बोस यांनी हाती घेतले होते.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आजच्या बांगलादेशातला. केंब्रिजहून परतल्यावर १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. युरोपीय प्राध्यापकांपेक्षा पगार कमी, म्हणून त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही, पण शिकवणे थांबवले नाही. शेवटी थकबाकीसह पूर्ण पगार मिळाला. प्रयोगशाळा म्हणजे एक चिंचोळी खोली आणि उपकरणे गावठी टिनकाम करणाऱ्याकडून घडवलेली.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तारेविना, भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली. मग आपला राउटर एका भिंतीला का हरतो? घंटेला लहर पोहोचली एवढेच पुरते. व्हिडिओला दर सेकंदाला लाखो बिट लागतात. सिग्नल क्षीण झाला की राउटर जोडणी टिकवतो, वेग उतरवतो. वाय-फायचे चिन्ह दिसते, पान मात्र उघडत नाही.

बोस यांच्या काही लहरी जेमतेम ५ मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे सुमारे ६० गिगाहर्ट्झच्या होत्या. राउटरची २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२.५ सेंटीमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची ६ सेंटीमीटर. लांब लहर भिंत जास्त चांगली पार करते. म्हणून दूरच्या खोलीत २.४, राउटरजवळ ५ वापरावे. लहरींच्या कंपनाची दिशा तपासायला बोस यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत वर्ख घालून वापरला होता. अँटेनांनाही दिशा असते. एक उभा, दुसरा आडवा करून पाहायला पैसे लागत नाहीत.

आता सेटिंग. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. देश भारत निवडावा. पॉवर वाढवण्याचा मोह मात्र टाळा : राउटर ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. त्याआधी केबलने लॅपटॉप जोडून वेग मोजा. तिथेही कमी असेल, तर दोष लाइनचा किंवा राउटरच्या प्रोसेसरचा. प्रोसेसरसाठी फ्लो ऑफलोडिंग चालू करावे. काही जुन्या चिपना खुले ड्रायव्हर नीट चालवत नाहीत. तिथे कंपनीचे फर्मवेअर परत टाकणेच शहाणपणाचे.

बोस यांना शोधावर मालकी सांगणे नको होते. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहाने लहरी टिपणाऱ्या उपकरणाचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मिळाले. त्यांनी ते वापरलेच नाही. १९१७ मध्ये स्वतःची संस्था उभारताना तिथले शोध सर्वांसाठी खुले राहतील, असे त्यांनी ठरवले. लिंक्सिसने २००३ मध्ये परवान्याच्या अटीमुळे राउटरचा कोड खुला केला आणि पुढे ओपनडब्ल्यूआरटी जन्मले, ते याच जातीचे काम.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे बोस यांचे निधन झाले. ६० गिगाहर्ट्झची पट्टी वाय-फायच्या मानकात आली, ती २०१२ मध्ये.