आयझॅक वॉल्टन : नदीकाठचे एक ख्रिस्ती गृहस्थ

गळ टाकून पाण्याकडे पाहत बसलेल्या माणसाविषयी आपल्या समाजात फारसे चांगले मत नसते. आमच्या ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर १९१६ साली बांधलेले तिघरा धरण आहे. त्याच्या काठी असा कोणी दिसला की येणारे-जाणारे त्याला रिकामटेकडा समजतात. तो जर उपासना चुकवून आलेला ख्रिस्ती गृहस्थ असला, तर मग बोलायलाच नको! पण इंग्लंडातील विंचेस्टर येथील कॅथीड्रलात अशाच एका गळवाल्याची कबर आहे. १९१४ साली इंग्लंड व अमेरिका येथील गळ टाकणाऱ्यांनी वर्गणी करून तेथे रंगीत काचेची खिडकी बसविली. तीत हा मनुष्य नदीकाठी झाडाखाली पुस्तक वाचत बसलेला दाखविला आहे; टोपली व गळाची काठी बाजूला पडली आहे. त्यांचे नाव आयझॅक वॉल्टन. ते बिशप नव्हते, मिशनरी नव्हते, महाविद्यालयात शिकलेलेही नव्हते. ते कापडाचे दुकानदार होते.

वॉल्टन यांचा जन्म स्टॅफर्ड गावी १५९३ साली झाला. मुलगा तीन-चार वर्षांचा असतानाच बाप वारला. पुढे लंडनला एका कापडवाल्याच्या हाताखाली ते धंदा शिकले, १६१८ साली व्यापाऱ्यांच्या संघात दाखल झाले व फ्लीट स्ट्रीटच्या बाजूला त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. जवळच सेंट डन्स्टन हे त्यांचे मंदिर होते. १६२४ साली तेथे जॉन डन हे पाळक म्हणून आले. डन म्हणजे त्या काळचे मोठे कवी व त्याहून मोठे उपदेशक. दुकानदार व पाळक यांचा स्नेह जमला. वॉल्टन मंडळीची लहानमोठी कामे पाहू लागले. हिशेब, गरिबांची विचारपूस, अशी जी कामे कोणी आनंदाने अंगावर घेत नाही, ती असा मनुष्य मुकाट्याने करतो, हे आपल्या पंचमंडळात बसलेल्यांना सांगावयास नको.

फुरसतीच्या दिवशी मात्र ते लंडनच्या उत्तरेस ली नदीकडे निघत. हा छंद त्यांना जन्मभर पुरला. त्यातील एक प्रकार आपल्याकडील वाचकांना नवा वाटेल. ट्राउट नावाचा थंड, वाहत्या पाण्यातला मासा पृष्ठभागावर उतरणाऱ्या माश्या टिपून खातो. तेव्हा गळाला गांडूळ न लावता पिसे, रेशीम व लोकर यांची खोटी माशी बांधावयाची आणि ती खऱ्या माशीसारखी पाण्यावर अलगद टेकवावयाची. त्या काळी दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळलेली असे. सूर्य समोर असावा, म्हणजे आपली सावली पाण्यावर पडत नाही. काठापासून शक्य तितके दूर उभे राहावे. आणि पाय आपटू नयेत. कोणत्या महिन्यात कोणती माशी निघते हे पाठ असावे लागते. तासन्‌तास काहीच घडत नाही, आणि घडते तेव्हा क्षणात आटोपते.

या शांत माणसाचे घर मात्र शांत नव्हते. १६२६ साली त्यांचे रेचल फ्लड हिच्याशी लग्न झाले. ती हुतात्मा आर्चबिशप क्रॅन्मर यांच्या नात्यातली. तिला सात मुले झाली. एकही वाढले नाही. १६४० साली ती स्वतः गेली. ज्या माणसाने एकामागून एक इतक्या लहान शवपेट्या उचलल्या, तो पुढे पहाटेच्या दंवाचे व पाखरांच्या गाण्याचे वर्णन करतो, तेव्हा ते निश्चिंत माणसाचे वर्णन म्हणून वाचणे मला तरी जमत नाही.

घराबाहेरही सर्व मोडत होते. १६४२ साली राजा व पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले. १६४५ साली प्रार्थनापुस्तकावर बंदी आली, शेकडो पाळकांना घराबाहेर काढण्यात आले, १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. वॉल्टन राजपक्षाचे व प्रार्थनापुस्तकाचे मानणारे होते. (आपल्यातील पुष्कळजण त्या भांडणात दुसऱ्या बाजूला उभे राहिले असते, हे विसरू नये.) वॉल्टन तलवार घेऊन लढले नाहीत. पण १६५१ साली वुस्टरच्या लढाईत पराभव होऊन तरुण चार्ल्स पळाला, तेव्हा त्याचे एक मौल्यवान राजचिन्ह लपवून ठेवले गेले होते. ते या अठ्ठावन्न वर्षांच्या दुकानदाराने जपून लंडनला नेले व टॉवरमध्ये कैदेत असलेल्या राजपक्षीय अधिकाऱ्याच्या हाती पोहोचविले. पकडले जाते तर जिवावर बेतले असते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५३ साली, त्यांचे ‘द कम्प्लीट अँगलर’ हे पुस्तक निघाले. मे महिन्याच्या सकाळी लंडनबाहेरच्या रस्त्यावर दोन वाटसरू भेटतात, त्यांतील एक गळवाला असतो, आणि तो दुसऱ्याला चालता चालता आपली विद्या शिकवितो, अशी त्याची रचना आहे. मध्येच गवळणींची गाणी येतात, पाऊस येतो, खाणावळीतले स्वच्छ अंथरूण येते. युद्धाविषयी भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. ज्यांचे पाळक, प्रार्थना व राजा हिरावले गेले होते, अशा माणसांना हे पुस्तक कसे वाटले असेल याची कल्पना करावी. ते आजवर शेकडो वेळा छापले गेले आहे.

पवित्र शास्त्राचा आधारही त्यांनी घेतला आहे. बारा प्रेषितांपैकी चौघे कोळी होते आणि रूपांतराच्या डोंगरावर प्रभूने बरोबर नेलेले तिघेही त्याच धंद्यातले, हा मुद्दा ते अभिमानाने मांडतात. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मात्र येथे थोडे थांबावे. पेत्र, आंद्रिया, याकोब व योहान हे जाळेवाले होते. ते पोटासाठी रात्रभर राबत. शुभवर्तमानात गळाचा उल्लेख एकदाच, मत्तय १७:२७ मध्ये येतो, आणि तोही कराच्या नाण्यासाठी. तेव्हा वॉल्टन यांचा युक्तिवाद मला थोडा ओढूनताणून आणलेला वाटतो. जिवंत बेडूक गळाला कसा टोचावा हे ते ज्या मायेच्या सुरात सांगतात, तेही वाचवत नाही. खोटी माशी बांधण्यातही ते फार निष्णात नव्हते. त्यांनी दिलेल्या बारा माश्यांची यादी १४९६ साली छापलेल्या एका जुन्या प्रबंधावरून आलेली आहे.

ही उणीव त्यांनी मोठ्या मनाने भरून काढली. चार्ल्स कॉटन हा त्यांचा तरुण मित्र डव्ह नदीकाठी राहत असे. कॉटन कवी होता, उधळा होता, सदा कर्जात बुडालेला, आणि त्याच्या काही कविता आपल्या घरात वाचण्याजोग्या नाहीत. पण निर्मळ, उथळ पाण्यात माशीने ट्राउट धरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १६७६ सालच्या पाचव्या आवृत्तीत वॉल्टन यांनी त्याने लिहिलेला दुसरा भाग आपल्या पुस्तकाला जोडला. वॉल्टन तेव्हा त्र्याऐंशीच्या घरात होते, आणि कॉटन त्यांना वडील मानी. कॉटनने १६७४ साली नदीकाठी बांधलेल्या लहानशा दगडी घरावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. भल्या माणसाने अशा मित्राला जवळ करावे की नाही, हा प्रश्न त्या काळीही लोकांना पडला असणारच. वॉल्टन यांनी मैत्री शेवटपर्यंत सोडली नाही.

त्यांची दुसरी कामगिरीही नदीकाठच्याच स्नेहातून निघाली. सर हेन्री वॉटन हे ईटन शाळेचे प्रमुख वॉल्टन यांच्याबरोबर गळ टाकीत. डन यांचे चरित्र वॉटन लिहिणार होते व वॉल्टन माहिती जमवून देणार होते. १६३९ साली वॉटन वारले आणि काम या दुकानदाराच्या गळ्यात पडले. ते चरित्र १६४० साली डन यांच्या उपदेशांच्या ग्रंथास जोडून निघाले. पुढे वॉटन, हूकर, जॉर्ज हर्बर्ट व बिशप सँडरसन यांचीही चरित्रे त्यांनी लिहिली. पुढील संशोधकांना त्यांत सजावट व चुका सापडल्या आहेत. तरी खेड्यातल्या लहानशा मंडळीचे पाळक हर्बर्ट आज लोकांना माहीत आहेत, त्यात या लेखणीचा वाटा मोठा आहे.

१६४७ च्या सुमारास त्यांनी अ‍ॅन केन हिच्याशी दुसरा विवाह केला. तिचा सावत्र भाऊ टॉमस तेव्हा लहान होता. वॉल्टन यांच्या घराची सावली त्याला लाभली. तोच पुढे बिशप केन झाला. जगभरच्या मंडळ्या जे त्रैक्याचे स्तवन गातात, ते त्याच्याच गीतांतले शेवटचे कडवे. अ‍ॅनही १६६२ साली वारली. तिची दोन मुले मात्र जगली, आणि म्हातारपणी वॉल्टन विंचेस्टरला मुलीच्या घरी राहिले.

९ ऑगस्ट १६८३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहावयास घेतले. डन यांचे उपदेश जावयाला दिले. मुलाला व मुलीला रिचर्ड सिब्ज यांचे एकेक पुस्तक दिले. सिब्ज हे प्युरिटन, म्हणजे ज्या पक्षाने वॉल्टन यांचे प्रार्थनापुस्तक बंद केले त्यांच्याच गोटातले! त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी त्यांना देवाज्ञा झाली.

शॅलोफर्ड येथील शेताच्या उत्पन्नातून जन्मगाव स्टॅफर्ड येथील गरीब घरच्या दोन मुलांना दरवर्षी धंदा शिकावयास लावावे व एका मोलकरणीच्या किंवा गरीब माणसाच्या मुलीच्या लग्नाला मदत करावी, असेही त्यांनी लिहिले. उरलेल्या पैशाचा कोळसा घेऊन गरिबांना वाटावयाचा होता. तो केव्हा वाटावा हेही त्यांनी नेमून दिले : जानेवारीचा शेवटचा आठवडा किंवा फेब्रुवारीचा पहिला, कारण गरिबांना सर्वांत जड जाणारे दिवस तेच, असे त्यांच्या पाहण्यात होते.