लू गेरिग : चौथ्या आंकड्याचा मानकरी

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या संघांत आजवर होऊन गेलेल्या खेळाडूंमध्यें सर्वांत श्रेष्ठ कोण, हा वाद मधल्या सुटींत तुम्हीं पुष्कळदां घातला असेल. कोणी धांवांचे आंकडे पुढें करतो, कोणी अटीतटीच्या सामन्यांतील एकच फटका आठवून सांगतो, तर कोणी एखाद्याच्या शांत स्वभावाची थोरवी गातो. इतक्यांत घंटा होते आणि वाद अर्धाच राहतो. सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेंतील लोकही असाच वाद घालतात. तेथील न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉलच्या विख्यात संघांत एकाहून एक नामांकित खेळाडू होऊन गेले. त्यांचा क्रम लावावयास बसलें कीं पहिलें स्थान बहुधा बेब रूथ यास मिळतें. त्याच्या मागून लू गेरिग, जो डिमॅजिओ, मिकी मँटल, योगी बेरा, डेरेक जीटर, मेरियानो रिव्हेरा अशीं नांवें येतात. पहिल्याची कीर्ति सर्वांच्या कानीं असते; परंतु जो नेहमीं पहिल्याच्या सावलींत उभा राहिला त्याचें चरित्रही मनन करण्यासारखें असतें. म्हणून आज लू गेरिगची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

हा खेळ आपल्याकडे फारसा प्रचारांत नसल्यामुळें प्रथम त्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. दोन्ही पक्षांकडे नऊ नऊ गडी असतात. चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. फलंदाज गोल लाकडी बॅटनें चेंडू टोलवतो आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवरील तीन बेसना क्रमानें स्पर्श करून मूळ जागीं परत येतो. तो परत आला म्हणजे एक धांव होते. चेंडू हद्दीपलीकडे प्रेक्षकांत गेला तर फलंदाज व बेसवर थांबलेले त्याचे सोबती निर्धास्तपणें धांवा पुऱ्या करतात. या फटक्यास होम रन म्हणतात. आपल्या क्रिकेटमधील षट्काराचा हा सख्खा भाऊच होय. गेरिग हा पहिल्या बेसचा रक्षक होता, आणि फलंदाजींत तर त्याची गणना जगांतील थोर खेळाडूंत होते.

लूचा जन्म न्यूयॉर्क शहरांत १९ जून १९०३ रोजीं झाला. नवलाची गोष्ट अशी कीं, पुढें ज्या संघाचा तो आधारस्तंभ झाला तो संघ न्यूयॉर्कमध्यें त्याच सालीं खेळूं लागला होता. लूचे आईबाप जर्मनींतून पोटासाठीं अमेरिकेंत आले होते. चार मुलांपैकीं तीन लहानपणींच दगावलीं. एकटा लू काय तो वांचला. वडील धातुकामाचे कारागीर होते, पण आजारपणामुळें त्यांचें काम वारंवार सुटे. संसाराचा भार आई ख्रिस्तीना हिनें उचलला. परक्यांच्या घरचा स्वयंपाक करावा, कपडे धुवावे आणि मुलाची शाळा चालवावी, हा तिचा नित्यक्रम होता. लू आईच्या कामांत मदत करी. अंगानें तो धिप्पाड होता, परंतु स्वभावानें अतिशय बुजरा होता.

त्याच्या नांवाचा पहिला गवगवा झाला तो तुमच्याच वयांत. १९२० च्या जून महिन्यांत त्याच्या हायस्कुलाचा संघ शिकागो येथें तेथील एका शाळेशीं सामना खेळावयास गेला. मैदान मोठमोठ्या धंदेवाईक संघांचें होतें आणि प्रेक्षक हजारोंनीं जमले होते. शेवटच्या डावांत तिन्ही बेसवर सोबती उभे असतां लूनें चेंडू मैदानाबाहेर टोलवला. शाळकरी पोराचा तो फटका पाहून मोठीं माणसेंही थक्क झालीं, व दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत त्याचें नांव झळकलें.

पुढें तो कोलंबिया विद्यापीठांत गेला. तेथील विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहांत त्याची आई स्वयंपाकाचें काम करीत असे. मुलानें इंजिनिअर व्हावें ही तिची इच्छा होती. या काळांत लूच्या हातून एक चूक झाली, ती लपविण्याचें कारण नाहीं. कॉलेजच्या खेळाडूनें पैसे घेऊन खेळूं नये असा नियम असतां, १९२१ च्या उन्हाळ्यांत तो हार्टफर्ड गांवच्या धंदेवाईक संघाकडून लू लुइस या खोट्या नांवानें खेळला. गोष्ट उघडकीस आली व कॉलेजच्या खेळांतून त्यास वर्षभर दूर रहावें लागलें. शिक्षा भोगून तो परत आला तो अधिकच मेहनती होऊन.

१८ एप्रिल १९२३ या दिवशीं यँकीज संघाच्या नव्या भव्य मैदानाचें उद्घाटन झालें, आणि बेब रूथनें तेथें होम रन मारून सर्व शहर दणाणून सोडलें. त्याच दिवशीं, त्याच शहरांत, कोलंबियाच्या मैदानावर लू गेरिगनें पिचर म्हणून विल्यम्स कॉलेजचे सतरा फलंदाज बाद केले. तरीही त्याचा संघ हरला. दोघांची गांठ पडण्यापूर्वींच दैवानें जणूं पुढील आयुष्याचें चित्र रेखाटून ठेवलें होतें. त्याच वर्षीं यँकीज संघाच्या माणसानें त्यास हेरलें. घरांत आजारपण व पैशाची निकड होती, म्हणून लूनें कॉलेज सोडून करारावर सही केली. उमेदवारीसाठीं संघानें त्यास पाठविलें तें त्याच हार्टफर्ड गांवीं. या खेपेस तो स्वतःच्या नांवानें खेळला.

१ जून १९२५ रोजीं दुसऱ्याच्या बदलीं त्यास एकदां फलंदाजीस पाठविलें, आणि २ जून रोजीं पहिल्या बेसवर वॉली पिप याच्या जागीं उभें केलें. तेव्हांपासून ३० एप्रिल १९३९ पर्यंत यँकीज संघाचा एकही सामना गेरिगवांचून झाला नाहीं. असे सलग सामने २,१३० भरले. एका हंगामांत १५४ सामने, आगगाडीचे लांबलांब प्रवास, ताप, पाठदुखी, मोडलेलीं बोटें, हें सर्व सोसून तो रोज वेळेवर मैदानांत उभा राही. उत्तरायुष्यांत त्याच्या हातांच्या क्षकिरण-तपासणींत जुने, आपोआप भरून आलेले अनेक अस्थिभंग दिसून आले. लोक त्यास पोलादी घोडा म्हणूं लागले.

तथापि टाळ्यांचा मोठा वांटा नेहमीं दुसऱ्याकडे जाई. १९२७ सालीं गेरिगनें ४७ होम रन मारले. हा आंकडा असामान्य होता, परंतु त्याच वर्षीं रूथनें ६० मारले. त्या सालचा सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र गेरिगला मिळाला; कारण पूर्वीं तो मान मिळालेल्यास पुन्हां देऊं नये असा तेव्हां नियम होता आणि रूथला तो आधींच मिळाला होता. १९२९ सालीं यँकीज संघानें खेळाडूंच्या पाठीवर आंकडे घातले. फलंदाजीच्या क्रमाप्रमाणें रूथला ३ व त्याच्या मागून येणाऱ्या गेरिगला ४ हा आंकडा आला.

१९३१ सालीं वॉशिंग्टन येथें गेरिगनें मारलेला चेंडू प्रेक्षकांच्या बांकांवर आदळून परत क्षेत्ररक्षकाच्या हातांत आला. पुढें धांवणाऱ्या लिन लॅरी या सोबत्यास वाटलें कीं झेल घेतला गेला; म्हणून तो धांवणें सोडून बाजूस निघून गेला. मान खालीं घालून धांवणारा गेरिग त्याच्या पुढें गेला, व नियमाप्रमाणें बाद ठरला. तो होम रन हिशेबांतून गेला. वर्षअखेर रूथ व गेरिग या दोघांचे होम रन प्रत्येकीं ४६ भरले. सोबत्याचें पाऊल चुकलें नसतें तर त्या वर्षीं गेरिग एकटाच पहिला ठरला असता!

३ जून १९३२ रोजीं त्यानें एकाच सामन्यांत चार होम रन मारले. विसाव्या शतकांत अमेरिकन लीगमध्यें हा पराक्रम त्यापूर्वीं कोणीं केला नव्हता. परंतु त्याच दिवशीं न्यूयॉर्क जायंट्स संघाचे प्रसिद्ध व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनीं निवृत्ति पत्करली आणि वर्तमानपत्रांचे मोठे मथळे त्यांच्याकडे गेले. त्याच सालच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत रूथनें बोट दाखवून होम रन मारल्याची आख्यायिका घरोघर पोहोंचली. त्याच्या लगेच मागून आलेल्या गेरिगनेंही पुढच्या क्षणीं होम रन मारला, हें कोणाच्या ध्यानांत राहिलें? या सर्वाबद्दल गेरिगनें तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं.

येथें निष्पक्षपातीपणानें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १४ जुलै १९३४ रोजीं कंबरेच्या कळांमुळें त्यास नीट उभें राहवत नव्हतें. तेव्हां सामन्यांची मालिका तुटूं नये म्हणून त्याचें नांव फलंदाजींत पहिलें घालण्यांत आलें. त्यानें एक फटका मारला आणि लगेच तो विश्रांतीस गेला. कांहीं टीकाकार ह्यास केवळ आंकड्यांचा मोह म्हणतात, व त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. परंतु त्याच वर्षीं फलंदाजीची सरासरी, होम रन, आणि आपल्या फटक्यानें पुऱ्या करविलेल्या धांवा या तिन्ही बाबतींत तो आपल्या लीगमध्यें पहिला आला, हें विसरून चालणार नाहीं. १९३५ सालीं तो संघाचा कप्तान झाला आणि १९३६ सालीं पुन्हां सर्वोत्तम खेळाडू ठरला.

१९३८ पासून त्याची शक्ति ओसरूं लागली. फटका पूर्वींसारखाच बसे, पण चेंडू दूर जाईना. पायांत अडखळल्यासारखें होई. १९३९ च्या आरंभीं आठ सामन्यांत त्याचे अवघे चार फटके यशस्वी झाले. एके दिवशीं पहिल्या बेसवर त्यानें अगदीं साधें काम केलें असतां सोबत्यांनीं त्याची पाठ थोपटली. त्या कौतुकाचा अर्थ त्याच्या लगेच ध्यानांत आला. २ मे रोजीं डेट्रॉइट येथें तो व्यवस्थापक जो मॅकार्थी यांजकडे गेला व संघाच्या हितासाठीं आपणांस वगळावें अशी त्यानें विनंति केली. मॅकार्थी त्यास कधींही आपण होऊन काढणार नव्हते. निर्णय गेरिगचा होता. कप्तान या नात्यानें, जींत स्वतःचें नांव नाहीं अशी खेळाडूंची यादी त्यानें स्वहस्तें पंचाकडे नेऊन दिली. चौदा वर्षें जी जागा कोणी हिरावून घेऊं शकलें नाहीं ती त्यानें स्वतः मोकळी केली.

१९ जून रोजीं, त्याच्या छत्तिसाव्या वाढदिवशीं, मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनीं रोगाचें निदान केलें. स्नायूंना चालना देणारे मज्जातंतू हळूहळू मरत जातात, असा हा असाध्य व्याधि होता. अमेरिकेंत आजही लोक त्यास लू गेरिगचा रोग म्हणतात. ४ जुलै १९३९ रोजीं त्याच्या सत्कारासाठीं यँकी स्टेडियममध्यें साठ हजारांहून अधिक लोक जमले. बुजऱ्या स्वभावाच्या गेरिगला बोलवेना; शेवटीं आग्रहावरून तो उभा राहिला. दुर्दैवाविषयीं तो थोडकेंच बोलला. आईबाप, पत्नी, सोबती, प्रतिस्पर्धी, इतकेंच नव्हे तर मैदान राखणारे कामगार यांचेही त्यानें आभार मानले आणि आपण भाग्यवान असल्याचें सांगितलें. कित्येक वर्षें त्याच्याशीं अबोला धरलेल्या बेब रूथनें त्या दिवशीं त्यास मिठी मारली. त्याचा ४ हा आंकडा यापुढें यँकीज संघांत कोणासही द्यावयाचा नाहीं असें ठरलें. मोठ्या लीगमधील खेळाडूच्या आंकड्यास असा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. फलंदाजीच्या क्रमांत चौथा असणारा या मानांत सर्वांच्या आधीं पहिला झाला!

पुढें तो स्वस्थ बसला नाहीं. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनीं कैद्यांच्या सशर्त सुटकेचा विचार करणाऱ्या मंडळावर त्याची नेमणूक केली. हातांत लेखणी धरवेनाशी झाली तरी होईल तोंवर तो कामावर जात राहिला. २ जून १९४१ रोजीं त्यानें देह ठेवला. पिपच्या जागीं पहिल्या बेसवर उभा राहिला त्या दिवसास त्या दिवशीं बरोबर सोळा वर्षें झालीं होतीं.

आंकडे कोणाचेच कायम राहत नाहींत. सलग सामन्यांचा त्याचा उच्चांक ६ सप्टेंबर १९९५ रोजीं कॅल रिपकेन यानें मागें टाकला. यँकीज संघांतर्फे सर्वाधिक यशस्वी फटक्यांचा त्याचा उच्चांक २००९ सालीं डेरेक जीटरनें मोडला. आपल्या फटक्यांनीं पुऱ्या करविलेल्या १,९९५ धांवांचा त्याचा आंकडा मात्र त्या संघांत आजही अव्वल आहे. होम रनचा हिशेब मांडला तर रूथच श्रेष्ठ ठरेल, आणि तसें म्हणणें न्यायाचेंच होईल. परंतु क्रम लावणें हें इतरांचें काम असतें. खेळाडूच्या हातीं असतें तें एवढेंच, कीं अंगांत बळ आहे तोंवर रोज वेळेवर हजर रहावें, आणि तें संपलें म्हणजे संघासाठीं आपली जागा सोडावी. यांतील पहिली गोष्ट कठीण आहे. दुसरी तिच्याहून कठीण आहे. गेरिगनें दोन्ही केल्या.

मधल्या सुटींत पुन्हां तो वाद निघाला, तर बालमित्रहो, आंकड्यांबरोबर हाही प्रश्न एकमेकांना विचारून पहा. आणि पालकांसही विनंति आहे कीं, मुलगा पहिला आला नाहीं म्हणून खिन्न होण्यापूर्वीं, तो रोज न चुकतां आपल्या जागीं उभा राहतो कीं नाहीं, हें आधीं पहावें.