शेजाऱ्यांची गाणी

बेला बार्टोक हे नाव काढले की पाश्चात्त्य संगीताच्या जाणकारांना विसाव्या शतकातील एक अवघड, काहीसा करड्या शिस्तीचा रचनाकार आठवतो. त्यांच्या सहा स्ट्रिंग क्वार्टेटवर आणि पियानोच्या कॉन्चेर्टोंवर भरपूर लिहिले गेले आहे. पण या माणसाने आयुष्याचा मोठा वाटा वेगळ्याच कामात घातला. खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांची गाणी टिपून घेणे, हे ते काम. आपल्या लोकांची गाणी गोळा करणारे पुष्कळ असतात. बार्टोक यांनी, ज्यांच्याशी आपल्या देशाचे उभे वैर त्या शेजाऱ्यांचीच गाणी अधिक जमवली, आणि त्यापायी दोन्हीकडची बोलणी खाल्ली.

त्यांचा जन्म २५ मार्च १८८१ चा. गाव नॉजसेंटमिक्लोश, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात. वडील शेतकी शाळेचे मुख्याध्यापक. बेला सात वर्षांचा असताना ते गेले. आई पाउला हिने शिक्षिकेची नोकरी धरली, पियानोच्या शिकवण्या केल्या आणि दोन मुलांना घेऊन बदलीच्या गावांमागून गावे काढली. पाच-सहा वर्षांत चार बिऱ्हाडे झाली. यातले कोणतेही गाव तेव्हा देशाबाहेर नव्हते. आज नकाशा उघडला तर जन्मगाव रोमानियात, दुसरे गाव युक्रेनमध्ये, पुढची दोन पुन्हा रोमानियात आणि जिथे त्याचे शालेय शिक्षण पुरे झाले ते पोझोन्य म्हणजे स्लोवाकियाची राजधानी ब्रातिस्लावा! बालपणीचे एकही गाव आजच्या हंगेरीत नाही. माणूस जागचा हलला नाही तरी देश त्याच्या पायाखालून कसा सरकतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

१८९९ साली बार्टोक बुडापेस्टच्या संगीत अकादमीत दाखल झाले. त्या वेळचा हा तरुण कट्टर राष्ट्रवादी होता. अंगात हंगेरियन धाटणीचा कोट, घरातल्यांनी जर्मन बोलू नये असा आईमागे लकडा. १९०३ साली त्यांनी, १८४८ च्या उठावाचा नेता कोशुत याच्यावर एक वाद्यवृंदरचना केली. त्यात ऑस्ट्रियाच्या राष्ट्रगीताची वेडीवाकडी नक्कल होती. जानेवारी १९०४ मध्ये बुडापेस्टला प्रयोग ठरला तेव्हा वाद्यवृंदातले काही ऑस्ट्रियन वादक ती वाजवायला राजी होईनात. तरुण संगीतकाराला यात धन्यताच वाटली असणार.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एका खेड्यात मुक्कामाला असताना त्यांच्या कानावर एक गाणे पडले. लिदी दोशा नावाची, मुलांना सांभाळायला ठेवलेली ट्रान्सिल्वेनियातली मुलगी ते आपल्याच तंद्रीत गात होती. असली हंगेरियन चाल बार्टोक यांनी कधी ऐकली नव्हती. तोवर हंगेरीचे लोकसंगीत म्हणजे शहरातल्या हॉटेलांत जिप्सी ताफे वाजवीत ते, अशीच सुशिक्षितांची समजूत होती. प्रत्यक्ष फ्रान्झ लिस्टसारखा थोर कलावंतही त्याच समजुतीत वावरला. खेड्यातली बाई चूल सांभाळताना काय गाते याची चौकशी करायला फारसे कोणी गेले नव्हते.

१९०५ मध्ये झोल्टान कोडाय हा समविचारी मित्र भेटला आणि दुसऱ्याच वर्षी दोघांनी मिळून वीस गाण्यांचे पुस्तक काढले. मग सुरू झाली भटकंती. बरोबर एडिसनचा फोनोग्राफ, म्हणजे एक कर्णा आणि मेणाची नळकांडी. एका नळकांड्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटांचे गाणे मावे. बैलगाडीतून हे ओझे न्यायचे, गावातल्या म्हाताऱ्यांना हुडकायचे आणि त्यांना त्या कर्ण्यासमोर उभे करायचे. जात्यावर बसले की ओवी सुचते म्हणतात. इथे जाते नाही, दळण नाही, समोर शहरातला एक बुजरा, किडकिडीत माणूस. गाणे सुचणार कसे? १९०७ मधला एक किस्सा त्यांनी स्वतःच एका पत्रात रंगवून सांगितला आहे. ते एका बाईला जुनी गाणी विचारतात, ती चर्चमधली भजने सुरू करते. ती नकोत म्हटले की कालपरवाचे एखादे गाणे काढते, आणि शेवटी दुसऱ्याच कोणाकडे बोट दाखवून मोकळी होते. अशा दिवसांनंतर रात्री ती नळकांडी पुन्हा पुन्हा ऐकून एकेक स्वर कागदावर उतरवायचा. गाणारीने घेतलेली बारीकशी हरकतही सुटता कामा नये, हा त्यांचा हट्ट.

शुद्ध हंगेरियन सूर शोधायला निघालेल्या या माणसाला एक अडचण लवकरच दिसली. आपले काय हे ठरवायचे तर शेजाऱ्याचे काय ते आधी कळायला हवे. म्हणून १९०६ पासून स्लोवाक आणि १९०९ पासून रोमानियन खेडी त्यांनी पालथी घातली. दोन्ही भाषा शिकून घेतल्या. बेयुश नावाच्या गावी योन बुशिट्सिया हे रोमानियन चित्रकला शिक्षक त्यांचे वाटाडे आणि जिवलग झाले. १९१३ मध्ये बिहोर भागातल्या रोमानियन गाण्यांचा संग्रह बुखारेस्टच्या रोमानियन अकादमीने प्रसिद्ध केला. एका हंगेरियन माणसाचे काम रोमानियाच्या सर्वोच्च विद्वत्संस्थेने छापावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. ट्रान्सिल्वेनिया कोणाचा, या प्रश्नावर दोन्ही समाजांत पिढ्यान्‌पिढ्या धुमसत होते.

आणि त्यांना सापडले काय? काही ठिकाणी चाली अगदी स्वतंत्र, शेजाऱ्याचा वाराही न लागलेल्या. काही ठिकाणी मात्र देवघेव अशी, की मूळ धनी कोण ते सांगणे मुश्कील. हंगेरियन डुकरे राखणाऱ्यांच्या नाचगाण्यांत त्यांना युक्रेनियन कोलोमेय्काची लय दिसली. नव्या हंगेरियन चाली स्लोवाकांनी हौसेने उचललेल्या आढळल्या. मारामुरेशच्या डोंगरात रोमानियन लोक एक लांबवलेले, जवळजवळ ताल सोडून गायले जाणारे गाणे गात. १९१३ मध्ये बार्टोक अल्जीरियात बिस्क्राच्या बाजूला गेले तर तिथे अरबांच्या तोंडी त्याच जातीचे गाणे! देशी शुद्धतेच्या शोधात निघालेला माणूस हळूहळू वेगळाच होत गेला, तो असा. कोणी उपदेश केला नाही, कानांनीच त्याला बदलले.

मग महायुद्ध आले. प्रकृती तोळामासा असल्याने बार्टोक सैन्यात गेले नाहीत. १९१५ मध्ये त्यांनी पियानोसाठी रोमानियन लोकनृत्यांची छोटी मालिका रचली आणि बुशिट्सियांना अर्पण केली. पुढच्याच वर्षी रोमानियाचे सैन्य ट्रान्सिल्वेनियात शिरले. युद्ध संपले, हंगेरी हरली आणि ४ जून १९२० च्या त्रियानोन तहाने देशाचा सुमारे दोनतृतीयांश प्रदेश गेला. तीस लाखांहून अधिक हंगेरियन माणसे रातोरात परदेशची प्रजा झाली. या जखमेचा विचार केल्याशिवाय पुढची हकीकत नीट कळणार नाही.

तहाच्या तोंडावरच, मे १९२० मध्ये, बुडापेस्टच्या वृत्तपत्रात बार्टोक यांच्यावर हल्ला झाला. हुन्यादच्या रोमानियनांच्या संगीतावरचा त्यांचा लेख जर्मन नियतकालिकात आला होता. ट्रान्सिल्वेनियात रोमानियन संस्कृती किती समृद्ध आहे हे जगापुढे मांडून या माणसाने शत्रूच्या हाती कोलीत दिले, असा आरोप. आरोप करणाऱ्यांत येनो हुबाय होते. हुबाय हे नामवंत व्हायोलिनवादक आणि ज्या अकादमीत बार्टोक पियानो शिकवीत तिचे संचालक, म्हणजे त्यांचे वरिष्ठ. वास्तविक हाच लेख १९१४ साली हंगेरियनमध्ये छापून आला होता. तेव्हा कोणी हूं की चूं केले नव्हते. बार्टोक यांनी उत्तरात ते दाखवून दिले, पण ज्याचे घर नुकतेच जळाले आहे त्याच्याशी वाद घालून कोण जिंकते?

गंमत म्हणजे, जरा खिन्न करणारी गंमत, त्या नृत्यांच्या नावालाही तहाची झळ लागली. मूळ नाव होते ‘हंगेरीतील रोमानियन लोकनृत्ये’. सीमा बदलल्यावर ‘हंगेरीतील’ हा शब्द गळला. सूर मात्र एकही बदलावा लागला नाही. १९२३ मध्ये बुडापेस्ट शहराच्या एकीकरणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा सरकारी उत्सवासाठी बार्टोक यांना रचना मागितली गेली. त्यांनी दिलेल्या ‘नृत्यमालिके’त हंगेरियन, रोमानियन आणि अरबी वळणाचे सूर शेजारी शेजारी बसले होते. राष्ट्रोत्सवात शेजाऱ्याला पंक्तीला बसवणे, तेही त्या वर्षांत, याला धाडस म्हणतात. पुढच्याच वर्षी ते बुखारेस्टला गेले, तेव्हा रोमानियाचे थोर संगीतकार जॉर्ज एनेस्कू यांनी त्यांच्या साथीने त्यांचाच सोनाटा वाजवला.

तरी दुसऱ्या बाजूचा प्रसाद मिळायचा राहिला होता. १९३४ मध्ये बार्टोक यांनी हंगेरियन आणि शेजारी लोकांच्या संगीताची तुलना करणारे पुस्तक लिहिले. ट्रान्सिल्वेनियाच्या काही भागांत रोमानियन गाण्यांवर हंगेरियन छाप आहे, असे त्यात होते. झाले, कोरिओलान पेत्रानू या रोमानियन कलेतिहासकारांनी त्यांना हंगेरियन विस्तारवादाचे हस्तक ठरवले! बार्टोक यांनी चालींचे दाखले देत लांबलचक उत्तर लिहिले. दोन्ही वेळा त्यांची बाजू एकच होती: कानाला जे ऐकू आले ते लिहिले.

त्यांना काय हवे होते ते १९३१ मधल्या एका पत्रावरून कळते. ऑक्टाव्हियन बेऊ या रोमानियन अभ्यासकाला त्यांनी कळवले होते की सगळी युद्धे आणि भांडणे जमेस धरूनही लोकालोकांतले बंधुत्व हाच आपला ध्यास आहे. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ‘कान्ताता प्रोफाना’ रचली, ती एका रोमानियन कोलिंद्यावर. कोलिंदा म्हणजे नाताळात दारोदार गायचे गीत. एका बापाने नऊ मुलांना शिकारीखेरीज काही शिकवले नाही. ती रानात गेली आणि हरणे झाली. बाप घरी बोलवायला येतो, पण त्यांची शिंगे आता दारातून मावत नाहीत, आणि पेल्यातले पाणी त्यांना नको, झऱ्याचेच हवे. हंगेरियन शब्द बार्टोक यांनी स्वतः केले. पहिला प्रयोग ना बुडापेस्टला झाला ना बुखारेस्टला, तो झाला १९३४ मध्ये लंडनला.

शेतकरी एकमेकांचा द्वेष करत नाहीत, आग वरचे लोक लावतात, असे बार्टोक यांना मनापासून वाटे. हे मात्र थोडे भाबडेपणाचे वाटते. १८४८-४९ मध्ये ट्रान्सिल्वेनियातल्या खेड्यांनी एकमेकांचे रक्त सांडले होतेच. चाल उसनी घेणारा हात कुऱ्हाडही उचलतो. म्हणून त्यांचे टिपण खोटे ठरत नाही. उसनवारी झाली होती, आणि भांडणाऱ्या दोघांनाही ती कबूल करायची नव्हती.

१९३६ मध्ये ते तुर्कस्तानात गेले. एके काळी दीडशे वर्षे हंगेरीवर राज्य केलेल्यांचा हा देश. अदनान सायगुन या तरुण संगीतकाराला बरोबर घेऊन अदानाच्या बाजूला युरुक भटक्यांच्या वस्त्यांत फोनोग्राफ लावला, तर एका म्हाताऱ्याने गायलेली चाल जुन्या हंगेरियन चालीची सख्खी बहीण निघाली. ही त्यांची शेवटची फिरती.

युरोपात काळोख दाटत होता. जर्मनी व इटलीच्या रेडिओवर आपली रचना वाजू नये, असे त्यांनी १९३७ मध्ये बजावले. डिसेंबर १९३९ मध्ये आई गेली आणि शेवटचा पाश तुटला. जाण्याआधी केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवले की बुडापेस्टमध्ये हिटलर-मुसोलिनींच्या नावाचे चौक आहेत तोवर माझे नाव कोणत्याही रस्त्याला देऊ नये. ऑक्टोबर १९४० मध्ये पत्नी दित्तासह ते अमेरिकेला निघाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांना काम मिळाले तेही शेजाऱ्यांच्याच गाण्यांचे: मिल्मन पॅरी यांनी युगोस्लाव्हियात ध्वनिमुद्रित केलेली सर्ब-क्रोएट गीते कागदावर उतरवायची. तिकडे वंशशुद्धीच्या नावाने माणसे मारली जात असताना १९४२ मध्ये त्यांनी एक छोटा लेख लिहिला. पूर्व युरोपचे लोकसंगीत श्रीमंत आहे ते सरमिसळीमुळे, शुद्धतेमुळे नव्हे, असे त्यात सांगितले होते.

तब्येत ढासळत गेली. २६ सप्टेंबर १९४५ रोजी रक्ताच्या कर्करोगाने न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. साडेतीन हजारांच्या आसपास रोमानियन चालींचा त्यांचा संग्रह तेव्हा मोठ्या भागी अप्रकाशितच होता. स्लोवाक गाण्यांचा पहिला खंड १९५९ मध्ये ब्रातिस्लावात निघाला. रोमानियन संगीताचे पाच खंड १९६७ ते १९७५ या काळात हेगमध्ये छापले गेले, तुर्की संग्रह १९७६ मध्ये आला. बार्टोक यांच्या अस्थी १९८८ च्या जुलैत बुडापेस्टला आणून फार्कशरेत दफनभूमीत आईच्या शहरी ठेवण्यात आल्या.